बिशप पायी चालायचा

फादरना मी पहिल्यांदा व्हीलचेअरवर बसवलं, तेव्हा ते चिडून म्हणाले, "झालं. बसवलंस मला घोड्यावर."

मला वाटलं, म्हातारबाबांना भ्रम व्हायला लागला. आमच्या मजल्यावर तसे बरेच होते. एक आजी मला रोज सकाळी आपली धाकटी बहीण समजून माझ्या केसांबद्दल रागवायच्या. म्हणून मी नुसतं "हो फादर" म्हटलं आणि त्यांचे पाय उचलून खालच्या पाय ठेवायच्या पट्ट्यांवर ठेवले.

"हो काय? कुठला घोडा, ते तरी विचार."

नाही विचारलं. डायनिंग रूममध्ये अजून सहा जणांना न्यायचं होतं आणि उशीर झाला की किचनवाले कटकट करायचे.

कॅनडातल्या व्हिटबीत, तलावापासून गाडीने दहा मिनिटांवर, हे लाँग टर्म केअर होम आहे. मी तिथे दुसऱ्या मजल्यावर पर्सनल सपोर्ट वर्कर होते, अजूनही आहे. अंघोळ घालायची, डायपर बदलायचं, भरवायचं, दर दोन तासांनी कूस बदलायची. आपल्याकडे हे काम करणारीला आया म्हणतात. नागपूरला आईला मी फोनवर "हॉस्पिटलसारखंच आहे गं" एवढंच सांगत असे. ती शेजारीपाजारी काय सांगायची ते मी कधी विचारलं नाही. कारण इथे येण्याआधी मी डॉक्टर होते. यवतमाळकडच्या एका ग्रामीण रुग्णालयात नऊ वर्षं काढली होती. सर्पदंश, भाजलेल्या बायका, आडवं आलेलं मूल, सगळं पाहिलं होतं आणि बहुतेक वेळा वर कुणाला विचारायची सोय नव्हती.

नवऱ्याला मिसिसागाला सॉफ्टवेअरमध्ये नोकरी लागली आणि आम्ही आलो. मी इथल्या परीक्षा दिल्या. पास झाले. पुढे हॉस्पिटलमध्ये उमेदवारीची जागा मिळावी लागते, तिच्यासाठी तीन वर्षं अप्लाय केलं. एकदाही मुलाखतीला बोलावलं नाही. शेवटी एका ऑफिसातल्या बाईंनी अगदी गोड आवाजात सांगितलं, "तुमचं शिक्षण उत्तम आहे, पण आमच्या चौकटीत ते बसत नाही." चौथ्या वर्षी मी फॉर्म भरला नाही. सहा महिन्यांचा कोर्स केला आणि या होममध्ये लागले.

फादर तिथे माझ्या आधीपासून होते. नव्वदीच्या घरातले, जन्म इंग्लंडचा. तिशीत कॅनडाला आले आणि ऑन्टारिओतल्या लहान लहान गावांमध्ये पाद्री म्हणून त्यांनी आयुष्य घालवलं. लग्न केलं नव्हतं. इंग्लंडला एक भाची होती, ती दर रविवारी फोन करायची. त्यांना पार्किन्सन्स होता. हात थरथरायचे, पाय जमिनीला चिकटून बसायचे. पण डोकं शाबूत होतं. डायनिंग रूमपर्यंतचा कॉरिडॉर ते वॉकर घेऊन चालत जायचे. आम्ही चौघीजणी जेवण वाढून मोकळ्या व्हायचो तेव्हा ते दारात पोचायचे. दोनदा पडले. मग मॅनेजरने लेखी हुकूम काढला की यांना व्हीलचेअरच वापरायची. तो हुकूम पाळण्याची पहिली पाळी माझी आली, आणि तेव्हा तो घोडा निघाला.

मी डॉक्टर असल्याचं त्यांनी स्वतःच ओळखलं. जेवताना एका आजोबांच्या घशात घास अडकला. मी धावले, घास काढला, आणि सवयीने त्यांचं मनगट धरून घड्याळाकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी शर्टाची बटणं लावताना फादर म्हणाले, "काल तू मनगट धरलंस ते शिकलेल्या माणसासारखं. खरं सांग, तू कोण आहेस?"

सांगितलं. त्या दिवसापासून ते मला डॉक्टर म्हणायला लागले. मॅनेजरने त्यांना समज दिली की त्यामुळे इतर रेसिडेंट्सचा गोंधळ होतो. मग ते लोकांसमोर काहीच हाक मारेनात आणि खोलीत दार लोटलं की म्हणायचे, "गुड मॉर्निंग, डॉक्टर."

घोड्याची गोष्ट त्यांनी तुकड्यातुकड्याने सांगितली. सकाळी अंघोळ आणि कपडे मिळून मला त्यांच्यासाठी वीस मिनिटं असायची. तेवढ्यात जेवढं होईल तेवढं.

ते ज्या शेवटच्या चर्चमध्ये होते, त्याला एका जुन्या बिशपचं नाव होतं. साडेतेराशे वर्षांपूर्वीचा हा बिशप. इंग्लंड तेव्हा एक देशसुद्धा नव्हता, लहान लहान राजे आपसात लढत होते. हे चार भाऊ. चौघेही पाद्री झाले. हा लहानपणी एका संताच्या मठात शिकला, मग समुद्र ओलांडून आयर्लंडला जाऊन राहिला. लोकांनी त्याला पुढे संत मानलं, पण फादरना त्याच्या चमत्कारांत रस नव्हता. त्यांना एकच गोष्ट आवडायची. बिशप झाल्यावरही तो पायी चालायचा. खेड्यापाड्यांत, झोपड्यांत, चिखलातून. मोठा माणूस घोड्यावर बसतो आणि त्यामुळे त्याला लोकांशी वरून बोलावं लागतं, म्हणून हा चालायचा.

"मग घोडा कुठून आला?" मी विचारलं.

"त्याचा साहेब आला रोमहून. आर्चबिशप. तो म्हणाला, तुझा मुलूख एवढा मोठा, चालत कधी पुरा करशील? हा ऐकेना. तेव्हा त्या म्हाताऱ्या आर्चबिशपने त्याला स्वतःच्या हातांनी उचललं आणि घोड्यावर बसवलं."

"आपल्या मॅनेजरसारखा."

"तुझ्यासारखा," ते म्हणाले. "तू उचललंस."

पुढे एकदा माझ्या परीक्षांचा विषय निघाला, तेव्हा त्यांनी त्या घोड्याच्या आधीची हकिगत सांगितली. हाच आर्चबिशप आल्याआल्या या बिशपला म्हणाला होता की तुझी नेमणूक नियमाला धरून झालेली नाही, ज्यांनी तुला बिशप केलं त्यांना तसा अधिकार नव्हता. यावर बिशप म्हणाला, तसं असेल तर मी आनंदाने उतरतो. मी या पदाच्या लायकीचा आहे असं मला कधीच वाटलं नव्हतं, आज्ञा झाली म्हणून घेतलं. आणि तो खरंच उतरला. आपल्या मठात परत गेला. त्याची नम्रता पाहून आर्चबिशप विरघळला, नियमाप्रमाणे त्याचा विधी पुन्हा केला आणि त्याला दुसऱ्या मोठ्या मुलखाचा बिशप करून पाठवलं.

फादर फार प्रेमाने सांगत होते. मी त्यांच्या पायात मोजे चढवत होते.

"मला नाही आवडली ही गोष्ट," मी म्हटलं.

"का?"

"तुमचा बिशप उतरला, म्हणून त्याला पुन्हा चढवलं. आम्हीही उतरलो की. माझ्याबरोबर इथल्या परीक्षांना स्कारबरोचा एक श्रीलंकन सर्जन होता, तो आता गोदामात खोकी उचलतो. त्याला कोण घोडा आणून देतंय? उतरणाऱ्याचं कौतुक करायला काय जातं, फादर?"

माझा आवाज चढला होता.

"बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. "चाळीस वर्षं मी ही गोष्ट चर्चमध्ये सांगितली. हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मीही नाही."

त्यानंतर आमची खरी ओळख झाली असं मी म्हणेन. ते काही वेळा मुद्दाम माझी खोडी काढायचे. बिशपचा मोठा भाऊही बिशप होता, तो साथीत गेला. त्याचे तीस शिष्य दूरच्या मठातून आले, आम्हाला गुरूच्या थडग्याजवळच राहायचंय म्हणाले, आणि त्याच साथीत जवळजवळ सगळे मेले. हे ऐकून मी वैतागले.

"रोग आहे हे माहीत असून आले?"

"माहीत असून."

"हा शुद्ध मूर्खपणा आहे."

"डॉक्टर बोलल्या," ते हसून म्हणाले. "त्यांना जवळ राहायचं होतं, एवढंच."

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितलेली मला आठवते. वारा सुटला की हा बिशप हातातलं पुस्तक बाजूला ठेवायचा आणि प्रार्थना करायचा. वादळ झालं, विजा कडाडल्या की चर्चमध्ये जाऊन जमिनीवर पालथा पडायचा आणि थांबेपर्यंत उठायचा नाही. मी विचारलं, "घाबरायचा?" फादर म्हणाले, "खूप. आणि लपवायचा नाही."

मग साथ आली. आमची साथ.

मार्च संपत आला होता. पार्किंग लॉटच्या कडेला फावड्याने बाजूला टाकलेल्या बर्फाचे ढीग काळे पडले होते. आधी बाहेरच्यांना यायला बंदी झाली. नंतर डायनिंग रूम बंद झाली, ज्याला त्याला खोलीत ट्रे. मास्क मॅनेजरच्या कपाटात कुलपात असायचे, एका शिफ्टला एक मिळायचा. आमच्यातल्या कित्येक बायका दोन-दोन होम्समध्ये काम करायच्या. त्यांना एकच निवडा म्हणून सांगितलं, बऱ्याच जणींनी दुसरं निवडलं. काही आजारी पडल्या. मजल्यावर आम्ही तिघी उरलो आणि एक चार्ज नर्स. ती फिलिपिन्सची, माझ्याहून मोठी, तरी मला 'आते' म्हणायची. त्यांच्याकडे मोठ्या बहिणीला तसं म्हणतात. डॉक्टर फोनवरून भेटायचे.

टोकाच्या खोलीतल्या आजोबांना पहिल्यांदा ताप आला. नंतर त्यांच्या समोरच्या खोलीत. माझ्या केसांवर रागावणाऱ्या आजी एका दुपारी जेवल्या नाहीत आणि दुसऱ्या दुपारी नव्हत्या. माणूस गेलं की त्या खोलीचं दार आम्ही लावून घ्यायचो. पहिल्या आठवड्यातच कॉरिडॉरमध्ये इतकी दारं लागली की चालताना अंधार वाटायचा.

घरी मी गराजमध्ये कपडे बदलायचे आणि थेट बेसमेंटमध्ये जायचे. नवरा जिन्याच्या वरच्या पायरीवर ताट ठेवायचा. मुलगी नऊ वर्षांची, ती बंद दाराला तोंड लावून विचारायची, "मॉम, आर यू गोइंग टू डाय?" मी म्हणायचे, "नाही गं बाळा, मला फक्त झोप आलीय." ती म्हणायची, "ओके. प्रॉमिस?"

नवरा म्हणाला, "सोड ना ही नोकरी. कुणी बांधून ठेवलंय तुला?"

"मग त्यांना भरवायचं कुणी?"

"ते तू एकटीनेच ठरवलंयस का?"

मी भांडले त्याच्याशी, दारातून. पण खरं कारण मी त्याला सांगितलं नाही. लिहितानाही लाज वाटते. इतकी माणसं मरत होती आणि माझ्या आत कुठेतरी काहीतरी ताठ उभं राहिलं होतं. सहा वर्षांनी कुणीतरी मला विचारत होतं की याचा श्वास कसा वाटतो, हिला किती वेळ आहे. नर्स फोन कानाला लावून मला खुणावायची, मी सांगायचे, ती डॉक्टरांना सांगायची. मी पुन्हा डॉक्टर झाले होते आणि त्याचा मला आनंद होत होता.

एप्रिलच्या पहिल्या दिवसांत फादरना ताप आला.

चौथ्या दिवशी दुपारी त्यांचा ऑक्सिजन ऐंशीच्या खाली गेला. त्यांच्या समोरच्या खोलीत एक बाई होती, बहात्तर वर्षांची, आयुष्यभर शाळेची बस चालवलेली, फटकळ तोंडाची. तिचाही खाली जात होता, पण ती फादरपेक्षा बरी होती. दोघांनीही पूर्वीच लिहून दिलं होतं की आम्हाला हॉस्पिटलमध्ये हलवू नका. हवेतून ऑक्सिजन ओढून देणाऱ्या मशिनी आमच्या मजल्यावर दोन होत्या. एक एका आजोबांना लावलेली. दुसरी त्याच दिवशी सकाळी मोकळी झाली होती; कशी मोकळी झाली ते सांगायला नको.

नर्सने डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, ज्याला उपयोग होण्याची शक्यता जास्त, त्याला लावा. तुम्ही तिथे आहात, तुम्ही बघा. त्यांना अजून चार होम्सचे फोन घ्यायचे होते.

नर्सने फोन ठेवला. आम्ही दोघी कॉरिडॉरमध्ये, मध्ये ती चाकांवरची मशीन, दोन्हीकडे दोन उघडी दारं.

"आते," ती म्हणाली, "हे मला नाही जमणार. तू सांग. मी लिहिताना माझं नाव लिहीन, पण तू सांग."

मी दोन्ही खोल्यांत जाऊन आले. श्वास मोजले, नखं पाहिली, छातीला कान लावण्याची परवानगी नव्हती तरी लावला. फादरच्या बरगड्यांमधली कातडी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती. ते दमले होते. मशीन लावली असती तर कदाचित दोन दिवस गेले असते, कदाचित तीन. बाईच्या अंगात अजून भांडायची ताकद होती.

"तिला," मी म्हटलं.

वैद्यकीय दृष्टीने ते बरोबर होतं. आजही कुणी विचारलं तर मी तेच सांगेन. पण माझ्या मनातून एक गोष्ट जात नाही. फादर मला आवडायचे आणि हे सगळ्या मजल्याला माहीत होतं. मी त्यांची बाजू घेतली असं कुणी म्हणू नये, म्हणून तर मी इतक्या झटकन "तिला" म्हटलं नाही ना? मी तिथे पाच मिनिटं उभी राहायला हवी होती. मी एक मिनिटही उभी राहिले नाही.

मशीन लावून झाल्यावर मी फादरकडे गेले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. दार उघडंच होतं.

"म्हणजे मला नाही," ते म्हणाले.

"नाही, फादर."

"कुणी ठरवलं?"

मास्क, त्यावर प्लास्टिकची ढाल, अंगात पिवळा गाऊन. माझे फक्त डोळे त्यांना दिसत असतील. मी म्हटलं, "मी."

मला वाटलं, आता काहीतरी क्षमेचं बोलतील. पाद्री होते शेवटी. पण ते म्हणाले, "मला भीती वाटते, डॉक्टर." श्वास घेतला. "वाटलं होतं, वाटणार नाही."

मी त्यांचा हात धरला. दोन थर हातमोज्यांतून.

"तो पालथा पडायचा," ते म्हणाले. "मला तेही येत नाही."

मी त्यांना कुशीवर वळवलं. पाठीला उशी लावली, त्याने श्वासाला थोडा आराम पडतो. नर्सने जिभेखाली मॉर्फीनचे थेंब सोडले. त्यांनी खिडकी उघड म्हणून खूण केली. आमच्या खिडक्या वीतभरच उघडतात, कुणी पडू नये म्हणून तशाच बसवल्यात. उघडली. गार हवा आली आणि तिच्याबरोबर खालून मागे येणाऱ्या गाडीचा टीं टीं आवाज. मागच्या दाराला गाडी लागत होती. मला माहीत होतं ती कुठली गाडी आहे. सकाळी गेलेल्यांना न्यायला आली होती.

"काय आहे ते?"

"किचनचं सामान," मी म्हटलं.

एवढ्यात समोरून बाईने आरडाओरडा सुरू केला. नाकातली नळी उपटून टाकली होती आणि बिछाना भिजवला होता. "आलेच मी, फादर," म्हणून मी गेले. तिला शांत केलं, नळी पुन्हा लावली, चादर बदलली, तिने मला एक चापट मारली. गाऊन उतरवून नवा चढवायचा, हात धुवायचे, प्रत्येक खोलीला हा सगळा सोपस्कार. परत आले तेव्हा पाऊण तास झाला होता. उन्हाचा पट्टा भिंतीवर आला होता, जेवणाचा ट्रे झाकणासकट तसाच होता आणि फादर गेले होते. तोंड दाराकडे होतं.

दोन वर्षं रोज सकाळी मी त्यांना अंघोळ घातली होती. त्या दिवशी नियम असा होता की अंग पुसायचं नाही, लगेच पिशवीत घालायचं. त्यांच्या पायजम्याच्या सदऱ्याची दोन बटणं उघडी होती. तेवढी लावली.

तिसऱ्या दिवशी सकाळी लिफ्टमधून सहा नव्या मशिनी आल्या. खोक्यांमध्ये, अजून प्लास्टिकही न काढलेल्या. नर्सने ती खोकी पाहिली आणि कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून खाली बसली. तिला उठवायला मला बळ आलं नाही. मीही तिच्या शेजारी बसले. कुणीतरी घंटा वाजवली, तेव्हा उठलो.

भाचीचा इंग्लंडहून फोन आला. ती फार रडली नाही. तिने एकच विचारलं, "शेवटी तुम्ही त्यांच्याजवळ होतात ना?"

"हो," मी म्हटलं.

पुढच्या आठवड्यात मी पॉझिटिव्ह आले. बेसमेंटमध्ये अकरा दिवस होते. ताप उतरल्यावर फोनवर त्या बिशपबद्दल शोधलं, कारण त्याचा शेवट फादरनी मला सांगितलाच नव्हता. मी वाचलं की तोही साथीतच गेला. घोड्यावर बसवून नव्या मुलखात पाठवल्यावर जेमतेम अडीच वर्षांत. त्याच्या मठातले कितीतरी जण आधीच गेले होते. मग एके दिवशी बाहेर काम करणाऱ्या एका शिष्याला आकाशातून गाणं खाली उतरताना ऐकू आलं. ते बिशपच्या प्रार्थनेच्या खोलीवर येऊन थांबलं आणि अर्ध्या तासाने परत वर गेलं. बिशपने खिडकी उघडून त्याला हाक मारली, सगळ्यांना बोलावून घेतलं, एकमेकांशी प्रेमाने राहा म्हणून सांगितलं. मला बोलावणं आलंय, म्हणाला. बरोबर सातव्या दिवशी गेला. नंतर त्याच्या थडग्यावरची माती लोक चिमूटभर पाण्यात घालून आजारी माणसांना आणि जनावरांना पाजायचे.

वाचून मला बरं वाटायला हवं होतं. मला संताप आला. सात दिवस! सगळ्यांना गोळा करून निरोप घ्यायला सात दिवस, आणि वर गाणं. मी फोन गादीवर आपटला. वरून नवऱ्याने विचारलं, "काय झालं?" म्हटलं, "काही नाही, पडला."

बसवाल्या बाई वाचल्या. पुढच्या वसंतापर्यंत जगल्या, नंतर झोपेत गेल्या. मीच त्यांचं सगळं करायचे. सूप पातळ आहे, टीव्हीचा आवाज कमी आहे, माझे हात गार आहेत, तक्रारी संपायच्या नाहीत. एकदा केस विंचरताना म्हणाल्या, "समोरचा तो पाद्री दिसत नाही हल्ली."

"वारले ते. साथीतच."

"हं. बरा होता. मला कधी चर्चमध्ये ये म्हणाला नाही." मग आरशात माझ्याकडे बघून, "तू ओढतेस फार."

त्यांना मी काही सांगितलं नाही. त्यांनी काय करायचं होतं ते ऐकून?

प्रवासबंदी उठल्यावर, दुसऱ्या उन्हाळ्यात, भाची व्हिटबीला आली. साठीची, उंच, मामासारखंच नाक. आम्ही तलावाच्या काठी बाकावर बसलो. तिने माझ्यासाठी बिस्किटांचा डबा आणला होता. मामा फोनवर तुमच्याबद्दल बोलायचे म्हणाली, माझी डॉक्टर म्हणायचे. मग म्हणाली, "मला सगळं सांगा. कसं झालं ते."

मी वर्षभर ठरवून ठेवलं होतं की खोटं एकदा बोलले, पुन्हा बोलायचं नाही. मी सगळं सांगितलं. मशीन, कॉरिडॉर, "तिला". ते घाबरले होते, हेही. आणि तो पाऊण तास.

समोर एक माणूस कुत्र्याला चेंडू टाकत होता.

"तुम्ही मला हे सांगायला नको होतं," ती म्हणाली.

"तुम्ही विचारलंत म्हणून..."

"हो. मी विचारलं." ती उठली. "पण तुम्हाला ते कुणालातरी द्यायचं होतं. आता तुमचं हलकं झालं असेल. माझ्या मनात ते एकटे गेले नव्हते. आता ते रोज एकटेच जातील."

मी सॉरी म्हटलं. तिने माझ्या खांद्याला हात लावला, रागाने नाही, पण प्रेमानेही नाही, आणि गाडीकडे गेली. त्यानंतर तिचं पत्र नाही, फोन नाही. मीही केला नाही.

घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, "सांगितलंस? बरं वाटलं का?"

"नाही," मी म्हटलं, "चुकलंच बहुतेक."

"मग खोटं बोलायला हवं होतंस?"

मी बिस्किटांचा डबा टेबलावर ठेवला. त्याने चहा ठेवला. मुलगी डबा उघडून म्हणाली, "आर दीज फॉर अस?" आणि आम्ही तिघांनी ती बिस्किटं खाल्ली.

मी अजून दुसऱ्या मजल्यावरच आहे. सोमवार ते शुक्रवार, सकाळची शिफ्ट. फादरच्या खोलीत आता एक ठार बहिरे गृहस्थ राहतात. त्यांना अंघोळ अजिबात आवडत नाही. पाणी अंगावर पडलं की ते मला जोरजोरात शिव्या देतात, आणि मी त्यांच्या पाठीला साबण लावत असते.